बत्तीस फेरे

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं ओहमकाका बरीच वर्षं स्वतःला सांगत आले होते. पण राहून जातं ते दूधवाल्याला निरोप सांगायचं, छत्री परत करायचं. हे उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. तीनदा लिहायला बसले, तीनदा कागद चुरगळला, आणि मग पत्र शब्दकोशाच्या अगदी शेवटच्या पानांत सरकवलं, जिथे कोणी शब्द शोधायला जात नाही.

ओहमकाका हे अर्थातच त्यांचं टोपणनाव; ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध मोजायचं एकक. घरी रेडिओ, भोंगे, अॅम्प्लिफायर बनवणाऱ्या हौशी लोकांसाठी एक छोटं मासिक निघायचं, त्यात ते या नावाने वाचकांच्या शंकांना उत्तरं देत. दिवसा ते एका ग्रंथालयात पुस्तकांची यादी करायचे. चारचौघांत तोंडातून शब्द फुटायचा नाही. कागदावर मात्र 'घाबरू नका, आधी मीटर लावा' असं ठणकावून सांगायचे. मासिक बंद पडून किती वर्षं झाली, नोकरीही संपली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांची थोरली बहीण, ताई, त्यांच्याबरोबर राहायची. तीसुद्धा जेवायला वाढलं की आतून हाक मारायची, "ओहमकाका, या! तुमचा विरोध मावळला असेल तर."

पत्र होतं त्यांच्याच एका लेखाबद्दल. लेखात घरच्या घरी अॅम्प्लिफायर कसा बनवायचा ते आकृती काढून दिलं होतं. अॅम्प्लिफायरला लागत होते तीस व्होल्ट. पण ट्रान्सफॉर्मरमधून येणारा प्रवाह डायोडने सरळ करून कॅपॅसिटरमध्ये साठवला की त्याचा आकडा फुगतो, तीसचे बेचाळीस होतात. म्हणून ट्रान्सफॉर्मर बावीसचा हवा. ही गोष्ट ओहमकाकांनी इतरांना शंभर वेळा सांगितली होती, आणि स्वतःच्या आकृतीत ट्रान्सफॉर्मरशेजारी ठसठशीत लिहिलं होतं, 'तीस'. तेही कॅपॅसिटर जेमतेम पस्तीस व्होल्ट सोसणारा दाखवून. म्हणजे आकृती बरहुकूम पाळणाऱ्याच्या घरी तो कॅपॅसिटर केव्हातरी फुटणार, हे ठरलेलं.

पत्र नीटनेटक्या, तरुण अक्षरात होतं.

'आपल्या आकृतीप्रमाणे ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळला. खोक्यात बसवण्याआधी एका मोठ्या कॅपॅसिटरवर मोजून पाहिलं, तर बेचाळीस व्होल्ट दिसतात. चूक कोणाची? माझी, छपाईची, की आपली? व्होल्ट कमी कसे करावेत ते कळवावं. आपलं उत्तर येईपर्यंत मी अॅम्प्लिफायर चालू करणार नाही. सोबत पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट ठेवलं आहे.'

संपादक म्हणाले होते, "लिहून टाका हो, छपाईचा दोष. खिळे जुळवणारा जुळारी काय भांडायला येतोय!" ओहमकाकांना ते लिहवेना. आणि 'माझी चूक' हे दोन शब्दही लिहवेनात. पुढच्या अंकात दुरुस्ती द्यायचं मनात होतं, ती त्याच्या पुढच्या अंकावर गेली, आणि असं होता होता मासिकच संपलं. त्यानंतर कित्येक वर्षं दाराची कडी वाजली की ते हातातलं काम टाकून दाराकडे पाहत राहायचे. वाटायचं, कोणीतरी भाजलेला हात दाखवायला आलं आहे.

आलं कोणीच नाही.

मंगळवारी ओहमकाका रद्दीवाल्याकडे जात. तो त्यांच्यासाठी जुनी पुस्तकं बाजूला काढून ठेवायचा. त्या मंगळवारी त्याने पुस्तकं दाखवलीच नाहीत. बाकाखालून एक पत्र्याचा डबा ओढून काढला.

"काका, हे तुमचंच ना?"

"माझं? छे."

"मग बाई तुमचं नाव कशी घेत होती? ओहमकाका कोण ते माहीत आहे का, म्हणाली. मी म्हटलं, माहीत आहे का म्हणजे काय, दर मंगळवारी येतात, चहा नको नको म्हणतात आणि दोन कप पितात."

ओहमकाका हसले नाहीत. डब्याला पुढे एकच बटण होतं, आवाजाचं. मागे वायरीला पिन. पिनेचं पितळ कोरं करकरीत होतं, एक ओरखडा नव्हता. ती भिंतीतल्या छिद्रांत कधी शिरलीच नव्हती.

"कोण बाई?" त्यांनी विचारलं.

"वडील गेले तिचे. घर रिकामं करतेय. बाकी सगळं किलोवर दिलं, पण हा डबा म्हणाली फोडायचा नाही, विकायचा नाही. वडिलांची ताकीद होती म्हणे, उत्तर येईपर्यंत पिन लावायची नाही. कसलं उत्तर कोणास ठाऊक. आम्ही लहानपणी त्याच्याजवळ फिरकलोसुद्धा नाही, म्हणाली."

"वडील... कशाने गेले?"

"म्हातारपणाने, अजून कशाने! तुम्ही असे पांढरे का पडलात? बसा, बसा. अरे, चहा सांगा रे कोणी!"

चहा आला तो ओहमकाकांनी खरंच घेतला नाही.

घरी आणून त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि दोन दिवस त्याच्याभोवती फिरत राहिले. ज्याची भीती होती ते घडलंच नव्हतं. कॅपॅसिटर फुटला नव्हता, हात भाजला नव्हता. आणि तरी मनावरचं ओझं उतरायच्या ऐवजी बूड टेकून बसलं होतं. बत्तीस वर्षं एक माणूस स्वतःच्या हाताने बनवलेली वस्तू समोर ठेवून बसला होता, आणि त्याने ती लावली नव्हती. मुलं मोठी झाली, केस पिकले, आणि डबा तसाच.

"आता तो गेलाय," ताई म्हणाली. पत्राची गोष्ट तिला बत्तीस वर्षांनी पहिल्यांदा कळली होती. "आता उत्तर कोणाला देणार? सुटलास बाबा."

"हो, तेच."

"तेच काय?"

"सुटलो, असं मलाही आधी वाटलं. त्याचीच लाज वाटतेय."

ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मग विषय बदलल्यासारखं म्हणाली, "मग निदान तो डबा तरी चालू कर. मी जपाला बसते त्या टेबलावर ठेवलायस."

तिसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीतून स्वच्छ ऊन येत असताना, ओहमकाकांनी डब्याचे चार स्क्रू काढले.

आतलं काम पाहून त्यांना स्वतःच्या हातांची लाज वाटली. एकेक तार काटकोनात वळवलेली, सोल्डरचा एकेक थेंब मोत्यासारखा. झाकणाला आतून मासिकाचं ते पान चिकटवलेलं होतं. आकृतीतल्या 'तीस'भोवती पेन्सिलीने एक गोल होता. फुली नव्हती, दुरुस्ती नव्हती. नुसता गोल, प्रश्न विचारावा तसा.

व्होल्ट कमी करायचे तर वाटा तीन. मधे रोधक घालावा, तर गाणं मोठं झालं की व्होल्ट बसतात आणि लहान झालं की पुन्हा चढतात; त्याचा भरवसा नाही. डायोडची माळ घालावी, तर एक डायोड पाऊण व्होल्टही खात नाही; बारा व्होल्ट खायला सतरा-अठरा लागतील, आणि तापतील ते वेगळंच. तिसरी वाट सरळ, पण चिकाटीची. ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या, म्हणजे अॅम्प्लिफायरला वीज देणाऱ्या, गुंडाळीतले फेरे कमी करायचे. जितके फेरे कमी, तितके व्होल्ट कमी.

त्यांनी ट्रान्सफॉर्मर अॅम्प्लिफायरपासून सोडवला, गाभ्याच्या फटीतून हाताने दहा फेरे जादा तार ओवली आणि स्वतःची दुसरी वायर जोडून तिच्यातून मेन्स, म्हणजे भिंतीतली वीज, देऊन मोजलं. दहा फेऱ्यांना अडीच व्होल्ट. म्हणजे व्होल्टला चार फेरे. आठ व्होल्ट कमी करायचे, तर चार आठे बत्तीस.

ते क्षणभर थांबले. बत्तीस. मग स्वतःवरच चिडून म्हणाले, "योगायोग आहे. गणित आहे." आणि त्या दुसऱ्या वायरीची पिन काढून टेबलापासून लांब ठेवली.

बॉबिनच्या, म्हणजे तार गुंडाळलेल्या रिळाच्या, मधे पडदा होता. एका बाजूला मेन्सची गुंडाळी, दुसऱ्या अरुंद कप्प्यात ही, जाड तारेची. एका थरात मोजून आठ फेरे बसत होते. वर पिवळट कापडी पट्टी होती. ती सोलली, आणि तिच्या खाली कागदाची एक बोटभर रुंद पट्टी निघाली. गुंडाळणारे दोन थरांमध्ये असा कागद घालतातच, तार तारेला घासू नये म्हणून. पण या कागदावर लिहिलेलं होतं.

'आपण उघडलंत, म्हणजे पत्र पोचलं होतं.'

ओहमकाकांनी पट्टी टेबलावर ठेवली. हात पंच्याला पुसले. अक्षर तेच होतं, पत्रातलं. त्यांना मनातून कळत होतं की यात भुताटकीचं काही नाही. ज्याला व्होल्ट कमी कसे करायचे ते ठाऊक आहे, त्याने हा थर उलगडला पाहिजे. दुसरा कोणी तिथवर येणारच नाही. पुढे कधीतरी गुंडाळी उलगडून त्या माणसाने निरोप बरोबर जागी ठेवला होता. हुशारी होती, बाकी काही नाही.

मग त्यांनी तारेचं टोक सोडवलं आणि खिडकीसारख्या त्या फटीतून एकेक फेरा बाहेर ओढायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. तार घट्ट बसलेली, दर फेऱ्याला ती कुरकुरत निघायची.

"सात... आठ."

दुसरी पट्टी.

'आठ झाले. मोठ्याने मोजताय ना? मीही मोठ्यानेच मोजले.'

ओहमकाकांनी ओठ मिटले. आपण मोठ्याने मोजत होतो हे त्यांच्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. स्वयंपाकघरात ताईचं भांडं वाजलं, नळ वाहिला, बंद झाला. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. सगळं जिथल्या तिथे होतं.

पुढचे आठ त्यांनी मुकाट्याने काढले. तोंड बंद ठेवून मोजणं इतकं अवघड असतं हे त्यांना माहीत नव्हतं. बारावर गोंधळले, बोटांवर पुन्हा मोजले. चष्म्यावर श्वासाचं धुकं धरलं होतं. सोळावा फेरा सुटला आणि त्यांनी चष्मा काढण्यासाठी हात वर नेला. तेवढ्यात पट्टी उलगडून टेबलावर पडली.

'सोळा. आता जरा चष्मा पुसा.'

हात तसाच राहिला.

बत्तीस वर्षांपूर्वी त्यांना चष्मा नव्हता. मासिकात फोटो छापून यायचा, त्यातही नव्हता.

"ताई," त्यांनी हाक मारली. "ताई, जरा इकडे येतेस?"

ताई पदराला हात पुसत आली. तिने पट्टी हातात घेतली, लांब धरून वाचली. "बरं मग? बारीक काम करणाऱ्या सगळ्यांनाच शेवटी चष्मा लागतो. त्याला वाटलं असेल, हा शहाणा इतक्या लवकर काही उघडायचा नाही." मग तिने पट्टी खाली ठेवली, जरा लवकरच ठेवली. "पूस मात्र. वाफेने भरलाय."

"तू बस ना इथे."

"भाजी करपेल," ती म्हणाली, पण दारातच उभी राहिली.

सतरा ते चोवीस. आता खिडकीतलं ऊन सरकून नेमकं बॉबिनवर आलं होतं. तारेचा लाखेरी रंग चमकत होता, जणू काल गुंडाळली. चौथी पट्टी इतरांपेक्षा लांब होती, दोन ओळींची.

'चोवीस. चूक आपली आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. फेरे कमी करायचे हेही माहीत होतं. मला फक्त आपल्याकडून ऐकायचं होतं. जो माणूस वाचकाला घाबरू नका म्हणतो, तो स्वतः किती घाबरतो, ते पाहायचं होतं.'

ओहमकाका खुर्चीत मागे टेकले. दारातून ताई म्हणाली, "काय लिहिलंय?" त्यांनी मान हलवली. हे त्यांना तिला वाचून दाखवता आलं नसतं. पट्टीवर राग नव्हता, हेच फार बोचत होतं. शाळेतला एखादा शांत मास्तर छडी टेबलावर ठेवून नुसता वाट पाहतो, तसं.

उरलेले आठ फेरे काढायला त्यांना अर्धा तास लागला. तार दोनदा निसटली. एकतीस. बत्तीस.

पाचवी पट्टी अगदी लहान होती.

'बत्तीस. थांबा. आता लिहा.'

तिच्या खालच्या थराच्या कडेने आणखी एका कागदाची किनार दिसत होती, आणि तिच्यावर शाईच्या रेघा. खाली अजून अकरा थर होते. प्रत्येकात बहुधा काहीतरी लिहिलेलं. ओहमकाकांचं बोट आपोआप तारेच्या टोकाकडे गेलं. आणखी आठच फेरे, मग पुढची ओळ. तिथे काय असेल? शिव्या? क्षमा? की नुसते आकडे?

पण आणखी आठ काढले की बावीसचे वीस होणार. अॅम्प्लिफायर वीसवर कण्हेल. शेवटपर्यंत वाचलं तर गुंडाळीच उरणार नाही. बत्तीस वर्षं राखलेली वस्तू ते नुसत्या उत्सुकतेपायी उसवून टाकतील, आणि उत्तर पुन्हा राहून जाईल.

त्यांनी तार कापली. टोक खरवडलं, सोल्डर केलं, वर नवी कापडी पट्टी गुंडाळली. त्या दुसऱ्याच वायरीने वीज देऊन, एका सुट्या डायोड-कॅपॅसिटरवर मीटर लावला. तीसच्या वर काटा केसभर गेला आणि तिथे थांबला, न थरथरता.

मग जुना कॅपॅसिटर काढून त्याच व्होल्टचा नवा बसवला, कारण इतकी वर्षं पडून राहिलेल्यावर भरवसा ठेवू नये, हेही ते एकेकाळी छापून आलेल्या उत्तरात सांगत. स्पीकर जोडला. ती कोरी करकरीत पिन पहिल्यांदा भिंतीत गेली. बटण फिरवताच स्पीकरमधून बारीक गुणगुण आली, श्वास घेतल्यासारखी वर चढली आणि शांत झाली. रेडिओ, माईक, काहीच जोडलेलं नव्हतं. ओहमकाकांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून ते उजवा कान स्पीकरकडे करून वाकले. काही नाही. नुसती स्वच्छ, भरलेली शांतता, चांगला अॅम्प्लिफायर देतो तशी.

त्यांना काय वाटलं कोणास ठाऊक. ते मागे सरले आणि कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, "चूक माझी होती. छपाईची नव्हती. ऐकू येतंय का?"

स्पीकर गप्प होता.

आतून ताई आली. हातात उलथनं तसंच. तिने आधी खोलीत पाहिलं, मग दाराकडे, मग पलंगाच्या मागे.

"कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मग तुला 'हो' कोण म्हणालं?"

ओहमकाकांनी बटण फिरवून बंद केलं. ताईने उलथनं खाली ठेवून खुर्ची ओढली. म्हणाली, "लिही आता. मी इथेच बसते. भाजीचं काय व्हायचं ते होऊ दे."

शब्दकोशातून त्यांनी पत्र काढलं. सोबतचं पाकीट तसंच होतं, पत्ता लिहिलेलं, तिकीट पिवळं पडलेलं. उत्तर लिहायला पाच मिनिटं पुरली. ज्यासाठी तीन कागद चुरगळले होते, ते चौथ्यावर एकही खाडाखोड न होता उतरलं.

'आपला हिशेब बरोबर होता. ट्रान्सफॉर्मर बावीस व्होल्टचा हवा. तीस लिहिलं ती माझी चूक, जुळाऱ्याचा काही दोष नाही. बाहेरच्या गुंडाळीतून बत्तीस फेरे काढावेत. मी काढून, मोजून पाहिलं आहे. उशिराबद्दल क्षमा मागायला माझ्याकडे शब्द नाहीत. आता चालू करायला हरकत नाही.'

खाली टोपणनाव लिहायला पेन टेकवला आणि थांबले. मग स्वतःचं खरं नाव लिहिलं.

"पोचणार कुठे पण?" पाकिटावर पुरेशी नवी तिकिटं चिकटवताना त्यांनी विचारलं. "घर तर रिकामं झालंय."

"तुझं काम टाकायचं," ताई म्हणाली. "पोचवायचं काम ज्याचं त्याचं."

पेटी कोपऱ्यावरच होती, भर रस्त्यात, बेकरीच्या समोर. लोक येत जात होते. एक बाई मुलाचा हात धरून गेली, कोणीतरी कोणाला ओरडून पत्ता सांगत होतं. ओहमकाकांनी पाकीट पेटीच्या फटीत निम्मं सरकवलं आणि सवयीने पुन्हा थांबले. एकदा तपासून पाहावं का? बत्तीसच ना? की 'चालू करावा' असं लिहायला हवं होतं, 'हरकत नाही' जरा तुटक वाटतंय का?

बोटं पाकिटाच्या कडेवर तशीच घट्ट होती. त्यांनी सोडायच्या आधीच ते हळूच, पण ठामपणे, आतल्या बाजूला ओढलं गेलं.